कडी काढून रंगवलेलं दार

त्यांना सगळे पंचवीस म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री होतं आणि तिथेच पडून राहिलं. सहा फळ्यांचं दार, त्याची एक बाजू, पंचवीस मिनिटांत पुरी. त्यावरून हे नाव पडलं. बाकीचे रंगारी त्याच दाराला तास लावायचे आणि वर चहा मागायचे.

लोकांना वाटायचं, माणूस घाईचा आहे. घाई कसली! हात इतका संथ चालायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. वेळ वाचायचा तो क्रमात. आधी कडी, मूठ, जे काही लोखंड असेल ते काढायचं. आळशी रंगारी कडीच्या भोवतीनं ब्रश फिरवतो आणि मग तासभर कडीवरचा रंग खरवडत बसतो. 'आळश्याला दुप्पट काम' ही म्हण पंचवीसांच्या मते रंगाऱ्यांसाठीच झाली असावी. स्क्रू डबीत टाकायचे. दार हलू नये म्हणून खाली पाचर ठोकायची. घासायचं, धूळ पुसायची. मग आधी फळ्यांच्या कडेच्या खाचा, लगेच त्या फळ्या. मग मधली उभी पट्टी, मग आडव्या पट्ट्या, सगळ्यात शेवटी दोन्ही बाजूंच्या लांब उभ्या पट्ट्या आणि दाराची कड. कोपऱ्यात रंग साचू द्यायचा नाही, नाहीतर ओघळ येतो. आणि एकदा पुढे गेलं की मागे वळायचं नाही. सुकत आलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवणं म्हणजे झोपलेलं तान्हं पोर हलवून उठवणं, असं ते म्हणत.

त्यांना सुकलेलं दारही वाचता यायचं. उभ्या पट्टीची रेघ आडवीला जिथे सरळ कापून जाते, तिथे काम नीट झालेलं. आडवीची रेघ उभीवर चढलेली दिसली, की क्रम चुकला. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी आधी दार वाचायचे आणि मग "कसं काय" विचारायचे. बायको चारचौघांत कोपरानं ढोसायची. ती गेली तेव्हा ते लेकीकडे राहायला आले. लेकीचं घर तीन खोल्यांचं होतं, त्यातली मागची खोली त्यांची झाली. त्या खोलीचं दार मात्र त्यांनी कधी रंगवलं नाही. घरच्या कामाला मुहूर्त लागत नाही, दुसरं काय.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दीड वर्षापूर्वी एक दिवस सुतार तिथे आला. सुतार म्हणजे पंचवीसांचा जुना जोडीदार. तो दारं बसवायचा, हे रंगवायचे. चष्मा त्याला नको होता. काउंटरवर बोटं वाजवत तो उभा राहिला.

"बोलू का नको असं झालंय बघ," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनी काल डॉक्टरणीच्या घरचं दार उलटं रंगवलं."

"उलटं म्हणजे?"

"उभ्या पट्ट्या आधी. फळ्या शेवटी."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. दार पांढरं हवं होतं, पांढरं झालं. डॉक्टरीण खूश होती. पण ही त्यांची लेक. दुकान सुटल्यावर ती मुद्दाम डॉक्टरणीकडे गेली, दारावर गाल टेकवावा इतक्या जवळ जाऊन ते वाचलं आणि डोळ्यांत आलेलं पाणी रंगाच्या वासावर ढकललं.

त्यानंतर घसरण सुरू झाली. आधी कामं गेली, मग दिवस-वार गेले, मग रस्ते गेले. पंचवीस दुपारी ब्रश घेऊन निघायचे आणि कोणाच्याही दारावर थाप मारायचे. "रंगाचा दुसरा हात राहिलाय," म्हणायचे. अर्ध्या गावाची दारं त्यांच्या हातची, त्यामुळे सुरुवातीला लोक हसायचे, पाणी द्यायचे, घरी आणून सोडायचे. पुढे दार उघडायचेच नाहीत. मग एका दुपारी ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध ओणवे होऊन पांढरी रेघ बोटानं तपासत होते आणि ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

जावई वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा गोष्टीत जावयाला वाईट ठरवलं की सगळ्यांचीच सोय होते. ट्रकपासून सासऱ्याला त्यानंच उचलून घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कडी घेऊन आला आणि मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून ठोकली. खरंच ठोकली, स्क्रू फिरवायचा कंटाळा, म्हणून हातोड्यानं. कडी वाकडी बसली.

"माझे बाबा चोर आहेत का?" लेक म्हणाली.

"हे त्या ट्रकवाल्याला सांग," तो म्हणाला, आणि मग खाली बसून त्यानं डोकं धरलं.

तिनं आठ दिवस रजा काढली आणि कडीला हात लावला नाही. रजा रविवारी संपत होती. शेजारीण संधिवातानं जागची हलत नव्हती, दिवसभर घरी बसायला दुसरं कोणी मिळत नव्हतं आणि नोकरी सोडली तर औषधं कशानं आणणार? सोमवारी सकाळी बाबांना आत घालून कडी लावायची आणि कामाला जायचं, एवढंच उरलं होतं. तिला नुसत्या विचारानं अन्न गोड लागेना.

रविवारी सकाळी पंचवीस त्या दारासमोर उभे होते.

"कोणी बसवली ही?" त्यांनी विचारलं. "स्क्रू हातोड्यानं मारलाय. गाढव!"

गाढवानं मुकाट्यानं पिशवी उचलली आणि बाजाराची वाट धरली.

"दार असं सोडता येत नाही," पंचवीस म्हणाले. "रंग आहे का?"

रंग होता. लेकीनं माळ्यावरून त्यांची पेटी काढली, ब्रश काढले, आणि ते देता देता मनात एक पैज लावली. क्रम बरोबर आला, तर ही कडी परत लावायची नाही. मग नोकरी जाऊ दे, काहीही होऊ दे, काढू काहीतरी वाट. पैजा लावून प्रश्न सुटत नाहीत हे तिला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार.

त्यांनी आधी कडी काढली. स्क्रू डबीत टाकले. पाचर ठोकली. दार घासलं, ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्यानं पुसलं. ब्रश रंगात बुडवला तो पाव भागच, आणि डब्याच्या काठावर दोनदा टेकवला. लेक भिंतीला पाठ लावून बघत होती. वरच्या फळीच्या खाचेत ब्रश शिरला. खाच, मग फळी. दुसरी खाच, दुसरी फळी. सहाही झाल्यावर त्यांचा हात हवेत थांबला. तिच्या ओठांवर 'मधली पट्टी' आलं होतं, तिनं ते गिळलं. हात मधल्या पट्टीवर गेला. मग आडव्या. मग लांब उभ्या, वरून खाली, एका दमात, आणि आडव्यांची टोकं सुरीनं कापल्यासारखी सरळ. शेवटी कड.

तिनं घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं. खोटं कशाला बोला, सव्वीस. पण त्यातलं एक तिला "उजेडातून बाजूला व्हा" सांगण्यात गेलं होतं. तिला इतका आनंद झाला की हसावं का रडावं कळेना.

"बसा बाबा, चहा टाकते."

"नको, मालकीणबाई," पंचवीस ब्रश पुसत म्हणाले. "दुसरा हात उद्या देतो. कडी मात्र सुकल्यावर आजच लावून जातो, काम अर्धवट नको."

ते तिच्याकडे बघून बोलत होते. नजर अदबीची होती, परक्या घरातल्या बाईकडे बघावं तशी.

दिवसभर ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले, पाठ न टेकता. जेवायला वाढलं तर "कशाला त्रास घेतलात" म्हणाले. दुपार कलल्यावर त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूनं दार तपासलं आणि कडी हातात घेतली.

"ही बाहेरून का?" त्यांनी विचारलं. "आत कोण राहतं?"

"माझे वडील," ती म्हणाली.

"बाहेर निघून जातात?"

"हो. परतीचा रस्ता आठवत नाही त्यांना."

पंचवीसांनी मान हलवली. डबीतले जुने स्क्रू बाजूला ठेवून त्यांनी पेटीतून लांब शोधले. "ते तोकडे होते. म्हाताऱ्यानं चार धक्के मारले असते तर निघाले असते. आता नाही निघायचे." त्यांनी जुनी भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली, दोन बोटं वर नवी पाडली आणि स्क्रू सावकाश फिरवले. कडी ओळंब्यात बसली, आवाज न करता सरकली. "लावताना त्यांच्याशी दोन शब्द बोलत जा," ते म्हणाले. "माणूस आहे."

मग त्यांनी पेटी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि रस्त्याच्या दाराकडे वळले.

"थांबा," लेक म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "जरा आतून ओढून बघता का? हलतं का ते?"

"हे बरोबर बोललात." कामाची कदर असलेली बाई भेटल्यासारखे ते खूश झाले. पेटी घेऊनच आत गेले आणि दार ओढून घेतलं. तिनं कडी सरकवली.

आतून त्यांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा खांदा लावला. दार तसूभरही हललं नाही.

"घट्ट आहे," ते आतून म्हणाले.

लेक कडीवर हात ठेवून उभी होती. दोन शब्द बोलायचे होते, ते काही केल्या सापडेनात.

"उघडा आता, मालकीणबाई," पंचवीस म्हणाले. "घरी लेक वाट बघत असेल."