निकाल वाचून दाखवणारे चाचा

कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक चाचा आहेत. अपंग पेन्शनचे निकाल लोक त्यांच्याकडूनच समजून घेतात. ते ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि कधीच चिडत नाहीत. मला त्याचाच राग येतो.

कडावच्या एका ताईंना अजिबात चालता येत नाही. त्यांचा अर्ज नामंजूर झाला.

"लिवलंय, तू तपासणीला आली नायस."

"खालीच बसले व्हते, चाचा. जिना कसा चढू?"

"मंग साहेबच आले नाय गं."

चाचांनी अपिलात तसंच लिहिलं: अर्जदार तळमजल्यावर हजर, अधिकारी गैरहजर.

महिन्याभरात उत्तर आलं: तक्रार मान्य. पुढच्या तपासणीला अधिकारी वेळेवर हजर राहतील, दुसऱ्या मजल्यावर.

मी दुकानातल्या टेबलावर मूठ आपटली. चाचा ताईंना समजावत होते, "साहेब यायला तयार झाले गं. आता नुसता जिना राहिला."