समोरच्या खानावळीतला पैलवान

त्या सकाळी भरताची वांगी मला मनासारखी मिळाली. थंडीत जळगावकडून सुरतेच्या भाजीबाजारात ट्रक येतो, त्यातली हिरवी, हाताला हलकी लागणारी वांगी. एरवी ती माझ्या समोरच्या खानावळीवाल्या सुकलालच्या टोपलीत जायची आणि त्यानं निवडून उरलेली मी घ्यायचो. भाजीवाल्या बाईनं विचारलंसुद्धा, "आजे सुकाभाई केम नथी आव्या?" मी म्हटलं, झोपला असेल. रिक्षात बसून पांडेसऱ्याला येईपर्यंत मी मनातल्या मनात खूश होतो, हे लपवून काय करू? वळणावर आलो तर त्याच्या खानावळीचं शटर बंद आणि समोर माणसं उभी. पानवाल्याला कळलं होतं, दूधवाल्याला कळलं होतं, मिलच्या वॉचमनला कळलं होतं. मला सगळ्यांत शेवटी कळलं, आणि त्याचाही मला राग आला. पहाटे डिंडोलीच्या घरी अंघोळीला निघताना त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं... माझ्या दोन्ही हातांत वांग्यांच्या पिशव्या होत्या. त्या खाली ठेवायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

स्मशानातून परत आल्यावर संध्याकाळी मी भट्टी पेटवली. पेटवावीच लागली. कारखान्यात पाळी संपली की माणसाला भूक लागते, भूक काही सुतक पाळत नाही. त्या दिवशी त्याची माणसं आणि माझी माणसं, सगळी माझ्याकडेच जेवली. इतकी गर्दी माझ्या खानावळीत त्याआधी एकदाच झाली होती, ते पुढे सांगतो. त्याच वांग्यांचं भरीत केलं होतं. पहिला घास घेऊन एक जुना विणकर म्हणाला, "नाना, आज अगदी सुकाशेठसारखं जमलंय." त्याचा हेतू चांगला होता. पण मेलेल्या माणसानं माझ्या पंगतीत येऊन शाबासकी घ्यावी, हे फक्त सुकलाललाच जमू शकतं.

आम्ही एका गावचे, एका तालमीतले. अंमळनेरच्या बाजूला तापीकाठी आमचं गाव. तापी पुढे सुरतेला जाते, आम्हीही तिच्यासारखे आलो, आधी मी आणि मागून तो. गावात मात्र गोष्ट उलटी होती. तिथं पैलवान म्हटलं की रघुनाथ, म्हणजे मी. सुकलाल अंगानं काटक, उंचीला थोडा कमी, आणि वस्तादांनी त्याला माझा जोड म्हणून दिला होता तो माझा सराव व्हावा म्हणून. मी त्याला पाडायचो. रोज पाडायचो. मातीत आपटला की तो अंग सैल सोडायचा, लोळायचा आणि हसत उठून पुन्हा समोर यायचा. वस्ताद मला म्हणायचे, "रघा, पाडायला शिकलास, पडायला कधी शिकणार?" मी हसायचो. जो पडतच नाही त्यानं पडायला कशाला शिकायचं? एका यात्रेत मोठ्या कुस्तीच्या आधी आमची कुस्ती लावली. तिथंही मी त्याला चीत केलं, फेटे उडाले, आणि तालुक्याहून आलेल्या फोटोवाल्यानं नेमका त्या क्षणी फोटो काढला. तो फोटो कुणाकडे गेला हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं. माझ्या आयुष्यातली चार लोकांनी पाहिलेली अशी ती एकच जीत.

सुरतेत आधी आम्ही दोघांनीही लूमवर कामं केली. मग नव्वद साली मी पांडेसऱ्यात खानावळ टाकली. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. आपल्याकडची माणसं वास घेत यायची. दोन वर्षं माझं बरं चाललं होतं, आणि एका सकाळी सुकलाल दारात येऊन उभा राहिला. आता जे तालमीत उतरलेत त्यांना माहीत आहे: कुस्तीआधी मूठभर माती उचलून समोरच्याच्या अंगाला लावतात. घामानं अंग निसटू नये, त्याला आपल्याला धरता यावं आणि आपल्याला त्याला. त्यानं माझ्या भट्टीतली चिमूटभर राख घेतली, माझ्या खांद्याला लावली आणि म्हणाला, "रघा, मी तुन्हा समोरच खानावळ टाकी ऱ्हायनू. तुले पहिले सांगाले उनू." मग हात पुढे केला. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. पांडेसरा एवढा मोठा, उधना आहे, डिंडोली आहे, आणि ह्याला माझ्याच नाकासमोर यायचं होतं. मी विचारलं, "इथंच कशाला?" तर म्हणाला, "दुसरीकडे माझा जोड कुठंय?" मी हात मिळवला, पण त्याच्या उंबऱ्याआत पाय ठेवायचा नाही, अशी त्याच दिवशी मनाशी गाठ मारली.

तेव्हापासून रोज सकाळी, भट्टी पेटवायच्या आधी, तो रस्ता ओलांडून यायचा आणि माझ्याशी हात मिळवायचा. आखाड्यात सलामी देतात तशी. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून आला. स्वतःच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशीही आला. मी एकदाही त्याच्याकडे गेलो नाही. हात मिळवून तो परत गेला की दिवसभर मी गल्ल्यावर बसून त्याच्या दाराकडे बघायचो. कोण आत गेला, कोण माझ्याकडून उठून तिकडे वळला, त्याच्याकडून हसण्याचा आवाज का येतोय... माझी भाकरी त्याच्यापेक्षा पातळ, माझा ठेचा जास्त झणझणीत, हे मी शपथेवर सांगतो. तरी माणसं तिकडे. एकदा न राहवून मी माझ्या एका गिऱ्हाइकाला विचारलं, "असं काय आहे रे तिथं?" तो म्हणाला, "तिथं भिंतीला बाक आहेत, नाना. पाठ टेकता येते." बारा तास लूमपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला भाकरीच्या आधी टेकायला हवं असतं. माझ्याकडे मधोमध स्टुलं होती. वस्ताद आम्हाला ओरडून सांगायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघू नका, कमरेकडे बघा, माणूस कमरेतून हलतो. मी सुकलालच्या दाराकडे बघत बसलो आणि तो येणाऱ्यांच्या कमरेकडे बघत होता. एकाच वस्तादाचं एकच वाक्य, ते त्याला लागलं आणि मला नाही लागलं, ह्याची जळजळ अजून गेलेली नाही.

मग मी मोठा डाव टाकायचं ठरवलं. पाटी लावली, दर रविवारी ताटावर मांडा मोफत. आपला खानदेशी पुरणाचा मांडा, खापरावरचा. घरापासून तुटलेल्या माणसाला ह्याहून मोठं आमिष नाही. सुकलालनं काय करावं? त्यानं दर कमी केला नाही, गोड केलं नाही. त्यानं रविवारी आपली भट्टीच पेटवली नाही आणि दारात उभं राहून प्रत्येकाला सांगितलं, "आज समोर जा. रघाकडं मांडे आहेत." झालं. रांग मिलच्या फाटकापर्यंत गेली. मांडा काही पोळी नव्हे, घाईत लाटायला. तो हातावर झेलत झेलत मोठा करायचा, उलट्या खापरावर टाकायचा, आणि कितीही ओरडा, खापर आपल्या वेळेनंच तापतं. माझ्याकडे मांडे करणाऱ्या दोन बाया. दुपारपर्यंत एक रडायला लागली, खापराला तडा गेला, पुरण संपलं, आणि लोकांनी मला त्यांच्या गावाकडच्या सगळ्या शिव्या ऐकवल्या. संध्याकाळी त्याच माणसांसाठी सुकलालनं शटर वर केलं. दुसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे आला, हात मिळवला आणि म्हणाला, "तू बठ्ठा जोर टाका, रघा. मी नुसता बाजूले व्हयनू." सगळा जोर माझा, तो नुसता बाजूला झाला: गावच्या मातीत मी त्याला ह्याच डावानं पाडायचो. तो अंगावर धावून आला की मी बाजूला सरकायचो. म्हणजे शिकवलं मीच, आणि फी पण मीच भरली.

पाटी मी दुसऱ्या दिवशी उतरवली. त्यानंतर महिनाभर मला उठता आलं नाही. आजारी नव्हतो, पण भट्टीजवळ जावंसं वाटेना. तेव्हा कळलं वस्ताद काय म्हणायचे ते. सुकलाल शंभरदा पडून शंभरदा उठायला शिकला होता, ते शिक्षण त्याला माझ्याच हातून मिळालं होतं. मला कुणी पाडलंच नव्हतं, मग मी कुठून शिकणार?

चौऱ्याण्णवला प्लेग आला. सुरत रिकामी झाली, स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, मीही बायकापोरं घेऊन गावी पळालो. सुकलाल राहिला. गावी बसून मी रोज एकच हिशेब करायचो, आता माझी उरलीसुरली माणसं त्यानं खिशात घातली असतील. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. परत आलो, कुलूप काढलं, भट्टी पेटवली, आणि दुपारी माझी जुनी माणसं एकेक करून हजर. जरा कुरकुरतच. विचारलं तर कळलं, माझं शटर वर गेलेलं दिसताच सुकलालनं त्यांना ताटावरून उठवलं नाही एवढंच, बाकी सांगून टाकलं होतं, "रघानी खानावळ उघडनी, आते तठे जा." मी त्याला गाठून विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, "रिकामा आखाडामा जितेल कुस्ती मी घर नही लई जास." लोकांनी हे अख्ख्या पांडेसऱ्यात सांगितलं. सगळे म्हणाले, काय माणूस आहे. कुणाच्या मनात आलं नाही, ज्याला आपलीच गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या हातून परत घ्यावी लागली, त्या माणसाला रात्री जेवण कसं गेलं असेल. त्यानं मला लुटलं असतं तर मी सुखानं त्याचा द्वेष केला असता. तेवढंसुद्धा त्यानं माझ्यासाठी ठेवलं नाही.

पुढेपुढे माझ्याकडे नवे लोक यायचे ते विचारायचे, "नाना, तुम्ही म्हणे सुकाशेठला गावी लोळवायचे?" मला बरं वाटायचं, आणि लगेच खटकायचं. हे त्यांना सांगितलं कुणी? तर त्यानंच. यात्रेतला तो फोटो त्यानं आपल्या गल्ल्यामागं फ्रेम करून टांगला होता, आणि जो विचारेल त्याला तो ती कुस्ती पहिल्यापासून सांगायचा. हरल्याची गोष्ट तो इतकी रंगवायचा की ऐकणारा त्याच्याच बाजूचा होऊन जायचा. "एकदा आत येऊन फोटो बघ की," असं मला कितीदा तरी म्हणाला. मला बघायचा होता. फार बघायचा होता. त्यात माझं तोंड कसं आलंय, एवढंच विचारावंसं वाटायचं. पण मनाशी मारलेली गाठ होती, आणि त्याच्या खानावळीत जाऊन माझी जीत बघणं मला कमीपणाचं वाटायचं. म्हटलं, बघू कधीतरी.

तेराव्याला लोकांनी त्याच्याबद्दल खूप सांगितलं. त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, असं एकामागून एक उठून बोलत होते. मी शेवटच्या रांगेत मांडी घालून ऐकत होतो. मनात येत होतं की उठावं आणि सांगावं, होता, तोडीचा एक होता, मी होतो, विचारा त्याला... आणि मग लक्षात आलं की ज्याला विचारायचं तो तर गेला. त्या कुस्तीला टाळ्या वाजवणारे म्हातारे गावातच संपले. वस्ताद कधीचे गेले. इथं सुरतेत माझ्या बाजूनं साक्ष देणारा एकच माणूस होता आणि त्यालाच मी इतकी वर्षं पाण्यात पाहत होतो. रडू मला त्या दिवशी आलं, स्मशानात नाही.

गेल्या आठवड्यात मंगलावहिनींनी, सुकलालच्या बायकोनं, खानावळ पुन्हा उघडली. सकाळी मी माझ्या भट्टीपाशी उभा होतो, काडी हातात. रस्त्यापलीकडून हात मिळवायला कुणी येणार नव्हतं. तरी पेटवावीशी वाटेना. शेवटी मीच रस्ता ओलांडला आणि पहिल्यांदा त्याच्या उंबऱ्याआत गेलो. भिंतीला बाक होते, पाठ लागून लागून रंग उडालेले. वहिनी म्हणाल्या, "या भाऊजी," आणि काही न विचारता गल्ल्यामागं बोट केलं. "हाऊ फोटो त्यासनी सोताना हातनी टांगेल शे."

फोटोत मी वर होतो. पण माझी पाठ कॅमेऱ्याकडे. रुंद पाठ, मान, मागून दिसणारं डोकं, बस. तोंड दिसत होतं ते खालच्याचं. दोन्ही खांदे मातीला टेकलेले, केसांत माती, आणि सुकलाल थेट आपल्याकडे बघून हसत होता. माझ्या जितीचा फोटो, आणि त्यातही बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच जाते. मला अशी काही जळजळ झाली की त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती.

बाकावर पारोळ्याकडचा एक नवा कारागीर जेवत होता, तगडा, मिशीवाला. त्यानं वहिनींना विचारलं, "वर शे तो कोन?" वहिनींनी माझ्याकडे हात केला. त्यानं माझं सुटलेलं पोट पाहिलं, टक्कल पाहिलं, परत फोटो पाहिला, आणि मान खाली घालून हसू दाबत भाकरी मोडायला लागला. एरवी अशा वेळी सुकलाल गल्ल्यावरून उठला असता, पहिल्या सलामीपासून सुरू झाला असता, आणि शेवटी म्हणाला असता, हाच तो, ह्यानंच पाडलं मला. मी थोडा वेळ वाट पाहिली. कोण बोलणार होतं? मग मी सदरा काढला, त्या माणसाकडे पाठ केली आणि फोटोखाली उभा राहिलो, त्याला नीट ताडून बघता यावं म्हणून.