रेवदंड्याच्या गॅलऱ्या आणि दाऊदभाईंच्या काचा

काचेच्या कामात तुकडे उरतात, तसे किस्सेही! तुकडे आम्ही खड्ड्यात पुरायचो. किस्से मात्र सांगावे तेवढे वाढत गेले. पन्नास-साठच्या दशकांत रेवदंडा-चौलमध्ये ज्याला बरे दिवस यायचे, तो घरावर माडी चढवायचा आणि गॅलरीला काचा लावायचा. मी सुतार; फ्रेम माझी, काच दाऊदभाईंची.

दाऊदभाई टेप वापरायचे नाहीत. पहिल्याच कामावर मी घाबरून म्हणालो, "अहो, माप तरी घ्या!"

"घेतलं की! मालकांना सलाम करत होतो ना, तेव्हाच."

काच अशी बसली, की फटीत कागद जाईना!

*

बोटीवर खलाशी असलेल्या हुसेनमियांना दुधी काच हवी होती. त्यांच्या बायको झुलेखाबी रंगीत काचांवर अडून बसल्या. "तुम्ही दहा महिने दर्यावर. घर बघायचं मला!"

रंगीतच बसवल्या. सकाळी ऊन आत आलं आणि फरशीभर लाल, निळे, पिवळे रंग सांडले. बघायला आलेल्या बाया दारातच थबकल्या. "यावर पाय कसा ठेवू?" शेवटी सगळ्या भिंतीच्या कडेकडेनं आत गेल्या. हुसेनमियासुद्धा!

*

एका मास्तरांनी "कुणी आत बघायला नको" म्हणून सगळी दुधी काच लावून घेतली. आठ दिवसांत बोलावणं आलं. "अहो, रस्त्यानं कोण चाललंय, ते मलाच दिसत नाही!"

दाऊदभाईंनी खुर्चीच्या उंचीला एकच साधं तावदान बसवलं. त्यानंतर गावाला रोज त्यात मास्तरांचा चष्मा दिसायचा!

*

खाडीच्या तोंडावरच्या एका घराच्या काचा बदलायला गेलो, तर फाटकात चार कोळी उभे. त्यांच्या होडीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, हात जोडून म्हणाला, "भाऊ, या काढू नको. मावळतीला या काचा पेटतात, पार दर्यातून दिसतात. त्या बघूनच आमी होडी आत आणतो."

त्या काचा आम्हीच बसवलेल्या; पण हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! मालकांनी ऑर्डर तिथल्या तिथे रद्द केली.

*

चौलला दोन भाऊ एकाच घरात राहायचे, मधे भिंत. तीन वर्षं बोलणं नाही. थोरल्यानं गॅलरीला साधी काच लावली, म्हणून धाकट्यानं लाल-हिरवी! रस्त्यावरून घर दुभंगल्यासारखं दिसायचं. लोक म्हणायचे, "भांडण बाहेर टांगलंय!"

एके सकाळी थोरला आमच्याकडे आला. मान खाली. "घराकडं बघवत न्हाय. माझ्या काचा धाकट्यासारख्या करा. त्याला सांगू नका."

दुपारी धाकटा आला. "दादासारख्या साध्या बसवा. त्याला कळू देऊ नका."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाऊदभाईंनी माझा पाय दाबला. धाकटा गेल्यावर म्हणाले, "दोघांना शब्द दिलाय. पाळायला नको?"

दोघे भाऊ नारळाच्या वाडीत गेले असताना आम्ही इकडच्या काचा तिकडे आणि तिकडच्या इकडे बसवल्या. नवी एकही कापली नाही!

संध्याकाळी दोघे आपापल्या वाटेनं परतले आणि रस्त्यातच वर बघत उभे राहिले. घर होतं तस्संच, फक्त उलटं!

आधी धाकटा फिस्सकन हसला. मग थोरला. आणि तीन वर्षांनी पहिला शब्द थोरल्याच्याच तोंडून निघाला.

"आता काय करायचं रे?"

"राहू दे, दादा."