रहिमाबीनं हात आवरला

पातूरला आमच्या शेजारची रहिमाबी भारी हेकट बाई. तिच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची आणि ते तिनं जरा जास्तच मनावर घेतलं होतं. बाळंतीण असो की मुरगळलेला पाय, ही तेलाची वाटी घेऊन हजर. नवरा उस्मान गाद्या भरायचा. कापसाचे भाव पडून शेतकऱ्यांच्या हाती पैसा उरला नाही त्या वर्षांत गाद्या भरून घेणारेही आटले, पण जन्मभर उकिडवं बसून त्याचा खुबा झिजायचा तो झिजलाच. अकोल्याला ऑपरेशन करून सांधा बदलला.

घरी आल्यावर काही दिवसांनी त्याची पोटरी सुजली. गरम आणि टणक. रहिमाबीनं लगेच तिळाचं तेल कोमट केलं. सून तुबा आडवी आली.

"अम्मी, चोळू नका. सूज आली तं पयले फोन करा, असं डॉक्टरनं सांगतलं होतं."

"तू शिकवते मले? अख्ख्या गल्लीचे लेकरं या हातानं उभे केले मी!"

मी तिथंच होते, पण रहिमाबीपुढे बोलायची कोणाची छाती! तिनं चोळायला सुरुवात केली. उस्मानला बरं वाटलं, त्यानं डोळे मिटले. तेवढ्यात तुबानं फोन लावला आणि मोबाइल सरळ सासूच्या कानाला टेकवला. डॉक्टर ओरडले ते मलाही ऐकू आलं. "आधी हात काढा! पायात रक्ताची गुठळी झाली असेल. चोळून ती सुटली आणि फुप्फुसात गेली तर माणूस जाईल. ताबडतोब घेऊन या."

रहिमाबी पांढरीफटक पडली.

जीप केली. मागे उस्मान आडवा, त्याच्या पायाशी ती, पुढे तुबा आणि मी. तो नुसता खोकला तरी आम्ही दोघी वळून मागे बघायचो. अर्ध्या वाटेत तो कण्हायला लागला.

"रहिमा, लय ठणकून राह्यला पाय. जरासा दाब ना."

"नाई."

"तू नाई दाबशीन तं कोन दाबीन?"

तिनं दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्या हातांवरच बसून राहिली. डोळ्यांतून धारा, पण हात काही काढले नाहीत. त्या बाईचा मला आयुष्यात पहिल्यांदाच एवढा कळवळा आला.

तपासणीत गुठळी पोटरीतच सापडली. जागची हलली नव्हती. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली आणि संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. उस्माननं पडल्या पडल्या बायकोकडे हात केला. ती दोन पावलं मागे सरली.

"तुबा," ती कुजबुजली, "डॉक्टरले इचारून ये. त्याह्यचा हात धरला तं चालते का?"