जपानी बाजारातला जवळा

बाबा गेले तेव्हा मला वेळेत पोहोचता आलं नाही. चार महिन्यांनी आईला माझ्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला घेऊन आलो. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचं साल असेल. हिला तरी नीट सांभाळायचं, एवढंच मनात घोकत होतो, आणि ती जेवेचना. ताकभाताचे चार घास, की ताट बाजूला. पोलकी अंगावर लोंबायला लागली. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही, पण असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. मी तिच्यावर खेकसायचो आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचो.

ऑफिसातल्या एकानं सांगितलं, शिकागोकडे जपान्यांचा बाजार भरतो, मासळी चांगली मिळते. आई वेंगुर्ल्याची. माशाशिवाय तिला घास उतरत नसे, हे मी जन्मभर पाहिलेलं. शनिवारी तिला गाडीत बसवलं.

ताज्या मासळीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. माझा धीर सुटत चालला.

"आई, एकदा बघ तरी."

"बघतेय की."

पुढे सुक्या मासळीच्या टोपल्या होत्या. तिथे मात्र ती थांबली. चिमूटभर जवळा उचलला, चुरडला, हुंगला. "कडक वाळलाय. रेती नाही," म्हणाली. विकणाऱ्या जपानी म्हातारीशी ती सरळ मराठीत बोलू लागली, म्हातारी जपानीत. दोघींचं काय जमलं कोण जाणे, वर मूठभर जास्त पडला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले.

घरी येताच तिनं पदर खोचला. कांदा परतला, गावाहून येताना आणलेलं कोकम टाकलं. घरभर वास सुटला, तरी मी खिडकी उघडली नाही. ताटं मीच घेतली आणि तिच्या ताटात भरपूर जवळा वाढला.

तिनं ते ताट माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःला दुसरं घेतलं.

"मी खात नाही आता. तुझे बाबा गेले त्या दिवशी सोडलं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुला कुणी कळवलं नाही?"

कुणी कळवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"एवढ्यात नाही, पण कधीतरी खाशील ना..." मी म्हणालो.

"तुझ्यासाठी केलंय. खा. किती वाळलायस."

ताकभाताचे चार घास खाऊन ती माझ्याकडे बघत बसली. मी सगळं संपवलं. जवळा फार चांगला झाला होता, आणि ते मला अजून सहन होत नाही.