तिच्या गोळ्यांचं पाकीट

सुट्टी संपवून आम्ही दोघी, मी नांदेडहून आणि चुलत बहीण अहमदपूरहून, लातूरच्या खोलीवर परतलो ते नाक चोंदूनच. गाल ठणकायचे, खाली वाकलं की कपाळ जड व्हायचं. पुढच्या रविवारी क्लासची परीक्षा होती, आणि त्याच मार्कांवर वरची बॅच मिळणार होती.

निघण्याआधी मी नांदेडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, चारच दिवस झालेत, सायनसचं असं दुखणं बहुतेकांचं दहा दिवसांत आपोआप ओसरतं. अँटिबायोटिकने फारसा फरक पडत नाही, पोट मात्र बिघडू शकतं. आणि उगाच घेत राहिलं तर खऱ्या गरजेला ते लागू पडत नाही. ताप चढला, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर या. तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुवा, वाफ घ्या. मला पटलं होतं.

बहिणीला तिच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्याच हायपावर गोळ्या दिल्या. गोळ्यांमागोमाग काकू एसटीने आली, मुगाची खिचडी आणि दह्याचा डबा घेऊन. जाताना मला बजावून गेली, "पोरीला गोळ्या चालू हायत. पाणी तूच भर." माझी आई फोनवर म्हणाली, वाफ घेतलीस ना, मग झालं. दुखणं दोघींचं एकच; पण पाकीट तिच्याकडे, म्हणून आजारी तीच.

पाकिटासोबतचा इंग्रजी कागद तिने कधी उलगडला नाही. मी उलगडला. मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ. वाचून पुन्हा घडी घातली. तरी ती गोळी तोंडात टाकायची तेव्हा मी दुसरीकडे बघायचे.

गुरुवारी ती गुणगुणत वेणी घालत होती. मोकळं वाटून राहिलंय, म्हणाली, उरलेल्या ठेवून देते, पुढच्या वेळी डॉक्टरकडे जायला नको. आमच्या घराघरांत अशा उरलेल्या गोळ्यांचा एक डबा असतोच. पाकिटात चार होत्या. ती अंघोळीला गेली तेव्हा मी एक घेतली. शनिवारपर्यंत चारही संपवल्या.

शनिवारी माझं नाक मोकळं झालं. तो दहावा दिवस होता. रविवारी पेपरात मी दोनदा उठले. तिसऱ्यांदा पर्यवेक्षक बाईंनी न विचारताच दार उघडलं.

सोमवारी यादी लागली. वरच्या बॅचमध्ये तिचं नाव होतं, माझं नव्हतं. खोलीवर येऊन तिने जपून ठेवायला पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मागितल्या असत्यास तर दिल्या नसत्या का गं मी?"

तेवढ्यात काकूचा फोन आला. गोळ्या संपल्या का, हे तिने विचारलं असावं, कारण बहीण म्हणाली, "हाव, सगळ्या संपल्या."

मग तिने काकूच्या डब्यातलं दही भातात कालवलं आणि ताट माझ्यासमोर सरकवलं. दही आंबट झालं होतं. मी खाली मान घालून सगळं खाल्लं.