हेमाताईंनी मला दिलेली जागा

हेमाताई गेल्या तेव्हा मी त्यांच्याच कामासाठी कॉलेजच्या खिडकीपाशी रांगेत उभी होते. वसईतलं आमचं कॉलेज, तळमजल्यावरचं ऑफिस, सकाळचे साडेअकरा वाजलेले. हातात त्यांचा अर्ज आणि त्याला टाचलेल्या सहा सेमिस्टरच्या गुणपत्रिका. माझा नंबर आला, खिडकीतल्या क्लार्कने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला. "विद्यार्थिनीला स्वतः यावं लागेल." मी म्हटलं, अहो, त्या चार दिवसांपासून हॉस्पिटलात आहेत, ऑक्सिजन लावलाय. तर म्हणतो, "मग बऱ्या झाल्यावर या. घाई काय आहे?" मी भांडायला तोंड उघडलं आणि पर्समधला फोन वाजला. त्यांची सून, प्राजक्ता. "मावशी, आई गेल्या…" एवढंच म्हणाली. मी रांगेतून बाजूला झाले. याला आता दोन महिने होत आले. दुःख हळूहळू ओसरतं म्हणतात. असेल. माझा संताप काही ओसरत नाही, आणि खरं सांगू का, तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

हेमाताई म्हणजे वसईजवळच्या होळी गावच्या हेमलता राऊत. केळी, अळू, मुळा, बांधावर सोनचाफा अशी त्यांची वाडी, आणि त्या वाडीत चाळीस वर्षं राबलेली ही बाई. माहेरी असताना कॉलेजचं एक वर्ष झालं होतं, मग लग्न ठरलं आणि पुस्तकं तिकडेच राहिली. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा कॉलेजात जावंसं का वाटलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की कार्यकर्ते वाडीवाडीत फॉर्म घेऊन येतात आणि घरात पदवीधर कोणकोण आहे ते विचारतात. राऊतांच्या घरात नवरा, दोन मुलगे, सून, सगळे पदवीधर. हेमाताईंचं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं, म्हणून चारही फॉर्म त्याच भरायच्या. "सगळ्यांचे फॉर्म मी भरते आनि मत द्यायला मीच नाय," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या होत्या, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. त्यांना नोकरी नको होती, सत्कार नको होता. त्यांना पाचवा फॉर्म भरायचा होता, स्वतःच्या नावाचा.

आमची ओळख प्रवेशाच्या दिवशी झाली. मी आचोळ्याला राहते, नालासोपाऱ्यातच एका शाळेच्या बालवाडीत शिकवते, आणि तेव्हा बारावीवरच अडकलेली होते. वर्गातल्या पोरी आमच्या मुलींच्या वयाच्या, त्यामुळे आम्ही दोघी आपोआप एका बाकावर आलो. आता ही नवी पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. पूर्वीसारखं वर्षाचे पेपर दिले आणि पास झालं, असं आता नसतं. विषयांचे वेगवेगळे गट असतात, त्यांना बास्केट म्हणतात. मुख्य विषयांची एक बास्केट, कौशल्याच्या विषयांची एक, दुसऱ्या शाखेतल्या विषयांची एक, अशा बऱ्याच. प्रत्येक विषयाचे ठरावीक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आणि प्रत्येक बास्केट ठरल्याइतकी भरलीच पाहिजे. एकूण बेरीज कितीही होवो, एक बास्केट जरी उणी राहिली तरी पदवी नाही. ही माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा माझं डोकं दुखायला लागलं. हेमाताई मात्र तिसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन आल्या. पानाच्या पाठीवर सहा वाफे आखलेले, एका सेमिस्टरला एक वाफा. कुठला विषय कधी घ्यायचा, कुठला आधी घेतल्याशिवाय पुढचा मिळत नाही, सगळं पेन्सिलीने मांडलेलं. "वाडीत काय वेगळं असतं गो? काय कधी लावायचं आनि कशाच्या मागून काय, एवढंच तर बघायचं," म्हणाल्या. दुसऱ्या वर्षापर्यंत ही गोष्ट एवढी पसरली की नोंदणीच्या दिवशी कँटीनबाहेरच्या त्यांच्या बाकापुढे पोरींची रांग लागायची. कॉलेजने नेमलेले समन्वयक सर स्वतः मुलींना सांगायचे, त्या राऊतबाईंना विचारा. म्हणजे ज्या कामासाठी सर नेमले होते ते काम ही बाई करत होती, आणि सर चहा पीत होते. त्या वेळी मला याचं हसू यायचं.

पाचव्या सेमिस्टरला जे झालं ते लिहायला माझा हात अडतो, पण लिहिलंच पाहिजे. कौशल्याच्या बास्केटमध्ये संगणकाचा एक विषय होता, दोन श्रेयांकांचा. प्रयोगशाळेत जेवढे संगणक चालू तेवढ्याच जागा. नोंदणी सकाळी दहाला कॉलेजच्या पोर्टलवर उघडणार होती आणि नेमकी त्याच वेळी आमच्या शाळेत पालकसभा होती, तिथे फोन बाहेर काढायची सोय नाही. मी धापा टाकत कॉलेजात पोचले तोवर जागा भरलेल्या. त्याच्या आधीच्या महिन्यात शाळेने मला स्वच्छ सांगितलं होतं, जूनपर्यंत पदवी दाखवली नाहीस तर पुढच्या वर्षी ठेवणार नाही. हा विषय आत्ता नाही मिळाला तर माझी ती बास्केट वेळेत भरणार नव्हती, कारण सहाव्या सेमिस्टरला त्यातलाच दुसरा विषय आधीच मांडून ठेवला होता आणि एका सेमिस्टरला त्या बास्केटमधला एकच विषय घेता येतो. हेमाताईंची जागा नक्की झाली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "मी माझं नाव काढलं तर ती जागा तुला दिसेल ना?" मी म्हटलं, दिसेल, पण तुमचं काय? "माझं मी पुढच्या टायमाला घेईन. माझी कुठे नोकरी जायची आहे?" त्यांची तर त्या बास्केटमध्ये एवढी एकच गोष्ट उरली होती, त्यातले बाकीचे सगळे विषय कधीच घेऊन झालेले. मी नको नको म्हणत होते. म्हणत होते, पण माझा फोन हातातच होता, पोर्टल उघडलेलं होतं… हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी आपलं नाव काढलं आणि मी क्षणात ती जागा धरली. मग त्यांनी मला समजावलं, चूक माझ्या हातून झाल्यासारखी मी बसले होते म्हणून. त्यांच्याकडे भावकीतल्या चार घरांत मिळून एक विहीर आहे. पाण्याची प्रत्येकाची पाळी ठरलेली. पण कुणाची वांगी मान टाकायला लागली तर ज्याची पाळी असेल तो म्हणतो, आज तू घे, माझं उद्या बघू. "कोन लिहून ठेवत नाय. पानी कुठे पळून जातं?" त्या म्हणाल्या.

पाणी पळून गेलं. सहाव्या सेमिस्टरच्या यादीत तो विषय नव्हताच. अभ्यासक्रम बदलला, विषय बंद झाला, कुणालाही कळवायची गरज कुणाला वाटली नाही. हेमाताई समन्वयक सरांकडे गेल्या. मी बरोबर होते, माझ्या कानांनी ऐकलंय. सर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "त्याऐवजी फुलशेतीचा विषय घ्या, दोनच श्रेयांक आहेत. चालेल." चालेल. या एका शब्दावर विसंबून ती बाई निघाली. मी म्हटलं, ताई, लिहून घेऊ या का? तर माझ्यावरच डोळे वटारले, "मास्तर मानसाकडून लिहून घ्यायचं? असं बरं दिसतं का?" तो विषय त्यांनी घेतला, वर्गात पहिल्या आल्या, आणि अर्धा विषय तर शिकवणाऱ्या बाईंना त्यांनीच आपल्या वाडीत नेऊन शिकवला. सोनचाफ्याची कलमं कशी बांधतात ते त्या बाईंना पुस्तकातून कुठून कळणार होतं?

निकाल लागला. मी पास, पदवीधर. हेमाताईंचा निकाल राखून ठेवलेला. फुलशेतीचा विषय दुसऱ्या बास्केटमध्ये निघाला. त्या बास्केटमध्ये दोन श्रेयांक जास्त, कौशल्याच्या बास्केटमध्ये दोन कमी, एकूण बेरीज बरोबर! समन्वयक सर तोवर कॉलेज सोडून गेले होते. ते चालेल म्हणाले होते, असं सांगितलं की खिडकीतून एकच प्रश्न, लेखी आहे का? परीक्षा विभाग म्हणे विद्यापीठाकडे जा, विद्यापीठ म्हणे कॉलेजचं पत्र आणा, कॉलेज म्हणे पोर्टलवर तसा पर्यायच नाही. सव्वा वर्ष. साठीची बाई पदर खोचून सव्वा वर्ष या दारातून त्या दारात फिरत होती, आणि तिच्यापुढे बसलेल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही की आपण उठावं आणि दोन श्रेयांक या रकान्यातून त्या रकान्यात टाकावेत. मी शाळेत कायम झाले. पेढे घेऊन होळीला गेले तेव्हा मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनी पहिला पेढा मोडून माझ्याच तोंडात घातला आणि म्हणाल्या, "तुझा वाफा जगला ना? झालं तर." मी घरी येऊन रडले. त्यांनी एकदा तरी मला बोल लावायला हवा होता, मला सोपं गेलं असतं.

मग पावसाळ्यानंतर त्यांना न्यूमोनिया झाला, दुखणं अंगावर काढलं, आणि पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच. दहाव्याला वाडीत माणसं जमली होती. त्यांच्या एक चुलत जाऊबाई मला म्हणाल्या, "या वयात कशाला हवी होती ती डिग्री? त्या चकरांनीच गेली." मी म्हटलं, चकरा त्यांनी हौसेने मारल्या नव्हत्या, मारायला लावल्या होत्या. प्राजक्ताने माझा हात दाबला म्हणून मी गप्प बसले. पण खरा कळस कॉलेजने गाठला. शोकसभा घेतली. हार, समई, आणि फळ्याशेजारी मोठा फलक: वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पदवी संपादन करणाऱ्या आमच्या आदर्श विद्यार्थिनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्राचार्य बोलले, चिकाटी वगैरे बोलले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत टाळ्या. मी फोनवर त्या फलकाचा फोटो काढला, छापून आणला, हेमाताईंच्या अर्जाला टाचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत दिला. म्हटलं, तुम्हीच लिहिलंय पदवी संपादन केली म्हणून. आता द्या. क्लार्कने फोटो नीट पाहिला. त्याला खरोखर माझी कीव आली असावी, कारण आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, ते श्रद्धांजलीचं आहे. रेकॉर्डला धरत नाहीत." वर असंही म्हणाला की आता विद्यार्थिनीच नाही तर अर्ज आपोआप निकाली निघतो. म्हणजे प्रश्न सुटला त्यांचा.

गेल्या पंधरवड्यात नव्या सेमिस्टरची नोंदणी होती. मी शाळेतून रजा काढली आणि कँटीनबाहेरच्या त्या बाकावर जाऊन बसले. का गेले, माहीत नाही. घरी बसवेना. वर्गातल्या जुन्या पोरींच्या धाकट्या बहिणी, मैत्रिणी विचारत विचारत आल्या, राऊतबाई इथेच बसायच्या ना? त्यांच्या पद्धतीने मी जमेल तसं बघून देत होते. दहा वाजून गेले. समोर दोन मुली बसल्या होत्या. एकीला एका विषयाची जागा मिळाली, दुसरीला नाही. दुसरीचं तोंड एवढंसं झालं. पहिलीने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "अगं, तुला यंदा जास्त गरज आहे. मी कॅन्सल करते, तू घे. मी नेक्स्ट सेमला घेईन." तिने अंगठा फोनवर नेला आणि मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं असणार, कारण ती दचकली. मी विचारलं, पुढच्या वेळी हा विषय असेल असं कुणी लेखी दिलंय का? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग द्यायची नाही जागा. तिने फोन खाली ठेवला. दुसरी मुलगी दप्तर उचलून निघून गेली. माझी नोकरी आज आहे ती एका बाईने अशीच जागा सोडली म्हणून आहे, आणि त्याच बाईच्या बाकावर बसून मी एका पोरीला जागा सोडू दिली नाही. मी बरोबरच केलं. याचाच राग मला सगळ्यांत जास्त येतो.